गेममधील लढाईचे संगीत बदलल्यावर येणारे दोष कानाने कसे ओळखावेत

एखाद्या ॲक्शन गेममधील लढाईचे संगीत काढून त्या जागी स्वतः रचलेले संगीत बसवायचे, हे काम वरवर पाहता एका फाइलच्या जागी दुसरी फाइल ठेवण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात फाइल जागेवर बसते, गेम सुरू होतो, शत्रू समोर येतो आणि काहीतरी बिनसते. क्षणभर जुनेच संगीत वाजून मग नवे सुरू होते, किंवा नवे संगीत घाईने आणि चढ्या पट्टीत वाजते, किंवा लूप, म्हणजे पुनःपुन्हा फिरणारा संगीताचा तुकडा, जेथे जुळायला हवा तेथे लय अडखळते, किंवा रंगात आलेला ट्रॅक मध्येच तुटतो. एका ट्रॅकपुरता हा दोष कसाबसा मिटवला, तरी पुढचा ट्रॅक बसवताना तोच पुन्हा डोके वर काढतो.

ग्वाल्हेरमध्ये, विशेषतः लष्कर भागातील मराठी घरांतून, ही तक्रार वारंवार कानी येते. शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ मध्ये आणि माधव संगीत विद्यालय १९१८ मध्ये ज्या शहरात सुरू झाले, तेथे पुष्कळ घरांत पेटी, तबला आणि क्वचित पखवाजही आजोबांच्या काळापासून आहे. त्याच घरांतील मुलेमुली आता लॅपटॉपवर गेम खेळतात, आणि लढाईला परक्या गिटारऐवजी आपला पखवाज वाजावा असे त्यांना मनापासून वाटते. ही इच्छा मला फार मोलाची वाटते. "काका, घरी ऐकलं तर बरोबर वाजतं, गेममध्ये घातलं की पळतं," हे वाक्य ऐकले की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: दोष लढाईच्या कोणत्या क्षणी ऐकू येतो? सुरुवातीला, मध्ये, लूपच्या जोडावर, की लढाई संपताना? या एका उत्तरावरून दोष कोठे आहे हे बहुतेक वेळा कळते. हे ठरवण्याआधी फाइल पुन्हापुन्हा नव्याने तयार करत बसण्यात श्रम वाया जातात.

पुढील सर्व विवेचन आपल्या संगणकावर एकट्याने खेळायच्या गेमपुरते आहे. ज्या ऑनलाइन गेममध्ये फसवणूक रोखणारी यंत्रणा असते, तेथे कोणत्याही फाइलला हात लावू नये. संगीताची फाइल बदलली तरी खाते बंद होण्याचा धोका राहतो.

गेम संगीत कसे वाजवतो

लढाईचे संगीत हे मैफलीतील बंदिशीपेक्षा तबल्याच्या एकल वादनाला धरलेल्या लेहऱ्याच्या, म्हणजे आवर्तन दाखवत पुनःपुन्हा वाजणाऱ्या छोट्या धुनीच्या, जवळचे आहे. ते किती वेळ वाजायचे हे त्याच्या हाती नसते आणि थांबायचे केव्हा हे दुसराच कोणी ठरवतो. गेममध्ये हा दुसरा म्हणजे ध्वनियंत्रणा. आजच्या पुष्कळ मोठ्या गेममध्ये ती वाइज, एफमॉड किंवा सीआरआयवेअर यांपैकी एक असते, आणि काही कंपन्या स्वतःची यंत्रणा वापरतात. कल्पना तशी जुनी आहे. लुकासआर्ट्स या गेम कंपनीने १९९१ च्या मंकी आयलंड २ मध्ये आयम्यूज ही यंत्रणा वापरून खेळाडू एका जागेवरून दुसरीकडे जाताना संगीत न तुटता वळवले होते. २०१९ च्या डेव्हिल मे क्राय ५ मध्ये तर खेळाडूची श्रेणी चढत जाते तसतसे लढाईच्या संगीताचे पुढचे भाग उघडतात. ऐकणाऱ्याला ते एक गाणे वाटते, परंतु गेमच्या दृष्टीने ते अनेक तुकड्यांचे आणि त्यांना जोडणाऱ्या नियमांचे कोष्टक असते.

वाइज वापरणाऱ्या गेममध्ये मोठ्या ट्रॅकचा ध्वनी बहुधा वेम फाइलींत असतो आणि नियम बँक फाइलीत असतात. तुकडा किती मिलिसेकंदांचा आहे, त्यात शिरायचे कोठून, बाहेर पडायचे कोठे, लय किती, एका बारमध्ये (मात्रांच्या एका ठरावीक गटात) किती मात्रा, कोणत्या प्रसंगी कोणता तुकडा लावायचा, हे सगळे बँकेत लिहिलेले असते. आपण वेम बदलतो; बँक मात्र जुन्याच ट्रॅकच्या मोजमापांवर चालत राहते. वर सांगितलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक या विसंगतीतून येतात, असे माझे मत आहे.

जुन्या फाइलीची नोंद आणि मोजणीचा ट्रॅक

नवे संगीत रचायला बसण्याआधी जुन्या फाइलीची पूर्ण नोंद घ्यावी. व्हीजीएमस्ट्रीम हे विनामूल्य साधन गेममधील बहुतेक ध्वनिप्रकार वाचते आणि सॅम्पल रेट (एका सेकंदात ध्वनीचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल, आहेत तो आकडा), चॅनेलची संख्या, एकूण सॅम्पल, लूपची सुरुवात व शेवट आणि एन्कोडिंगचा प्रकार स्पष्ट लिहून देते. ही माहिती वहीत उतरवून घ्यावी, मूळ फाइलींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि मगच पुढे जावे.

त्यानंतरचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मला तोच सर्वांत उपयोगी वाटतो. स्वतःचे संगीत बसवण्याआधी, ज्या लयीत ते होणार आहे त्याच लयीत नुसते आकडे म्हणून एक मोजणीचा ट्रॅक तयार करावा. तीनताल असेल तर एक ते सोळा मोजावे आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, "एक" ऐवजी आवर्तनाचा क्रमांक उच्चारावा. लढाईला अनेक फाइली असतील, तर प्रत्येक फाइलसाठी वेगळ्या आवाजात मोजणी करावी, म्हणजे आईच्या आवाजात एक, भावाच्या आवाजात दुसरी, अशी विभागणी सहज होते. हा ट्रॅक गेममध्ये घालून लढाई सुरू केली की यंत्रणा कोठून शिरते, कोठे उडी मारते आणि कोठे तोडते हे आकड्यांतच ऐकू येते. पूर्ण वाद्यमेळात जी उडी नुसती "काहीतरी चुकले" अशी जाणवते, ती येथे "आठव्या आवर्तनाच्या सहाव्या मात्रेवर" इतक्या नेमकेपणाने सापडते. मोजणीचा आवाज अजिबात आला नाही, तर आपली फाइल वाचलीच जात नाही हेही लगेच सिद्ध होते.

सुरुवातीलाच जुने संगीत ऐकू येणे

आपल्या फाइलीऐवजी संपूर्ण जुनेच संगीत वाजत असेल, तर गेम दुसरीकडची प्रत वाचत आहे. एकच ट्रॅक दोन ठिकाणी असणे, मोठ्या संग्रह-फाइलीला सुट्या फाइलीपेक्षा अग्रक्रम असणे किंवा मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेला बदल) लावणाऱ्या साधनात दुसरा एखादा मॉड वर असणे, ही नेहमीची कारणे आहेत. पूर्ण शांतता असेल, तर फाइल सापडली आहे पण उलगडता आलेली नाही. बँकेत त्या ध्वनीचा प्रकार व्हॉर्बिस (एक कॉम्प्रेस्ड ध्वनिप्रकार) असा नोंदलेला असताना आपण साधा अनकॉम्प्रेस्ड ध्वनी दिला, किंवा वेम फाइल गेमच्या वाइज आवृत्तीशी न जुळणाऱ्या आवृत्तीतून काढली, की असे होते. गेम ज्या आवृत्तीवर बनला तिच्या शक्य तितक्या जवळची आवृत्ती वापरणे हा त्यावरचा उपाय आहे.

अधिक चकवणारा प्रकार म्हणजे पापणी लवते न लवते तोच जुन्या संगीताचा एक ठोका येतो आणि मग आपले सुरू होते. येथे फाइल योग्य आहे आणि जागाही योग्य आहे. डिस्कवरून ध्वनी येईपर्यंत खोळंबा होऊ नये म्हणून वाइजमध्ये ट्रॅकचा अगदी सुरुवातीचा अंश बँकेतच भरून ठेवण्याची सोय असते. गेम आधी तो अंश वाजवतो आणि तेवढ्यात उरलेला ध्वनी वेम फाइलीतून खेचून घेतो. आपण वेम बदलली, पण बँकेतील तो अंश जुनाच राहिला. आपल्या ट्रॅकच्या आरंभी शांतता ठेवून हा दोष जात नाही, कारण तो ठोका आपल्या फाइलीतून येतच नाही. नव्या वेम फाइलीचे सुरुवातीचे तितकेच बाइट बँकेतील जुन्या अंशाच्या जागी बसवले की दोष नाहीसा होतो. बाइटची संख्या कमीजास्त झाली, तर बँकेतील पुढच्या नोंदी सरकतात आणि मग इतर आवाजही बिघडू लागतात. म्हणून येथे घाई करू नये.

लय पळते, पट्टी चढते

हा दोष ओळखायला सर्वांत सोपा आहे, आणि ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना तर मोजण्याचे साधनही लागत नाही. ट्रॅक सेकंदाला ४४,१०० सॅम्पलचा असून गेम तो ४८,००० च्या हिशेबाने वाजवत असेल, तर गती सुमारे ८.८ टक्क्यांनी वाढते. मिनिटाला १६० मात्रांची लय १७४ होते, आणि काळी एकचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या साधारण मध्ये जाऊन बसतो. पेटीवर कोणत्याच पट्टीशी स्वर जुळत नाही, अशी अवस्था झाली की सॅम्पल रेटशिवाय दुसरीकडे पाहू नये. उलट प्रकारात १६० ची लय १४७ वर उतरते आणि सगळे सुस्त वाटते.

उपाय म्हणजे जुन्या फाइलीचा जो सॅम्पल रेट नोंदवला आहे त्याच दराने रेकॉर्डिंग सुरू करणे. शेवटी रूपांतर करण्यापेक्षा हे केव्हाही बरे. एक छुपे कारण येथे सांगितले पाहिजे. एफएफएमपेग या ध्वनी रूपांतराच्या साधनातील लाउडनॉर्म फिल्टरने आवाजाची पातळी जुळवली, तर तो नेहमीच्या पद्धतीत काम करताना ध्वनी १,९२,००० सॅम्पलवर नेतो, आणि आउटपुटचा दर आपण स्पष्ट सांगितला नाही तर फाइल त्याच दराने बाहेर पडते. सर्व काही ४८,००० वर केले असतानाही फाइल अवाढव्य होणे आणि गेममध्ये ती वेडीवाकडी वाजणे, याचे मूळ अनेकदा येथे असते.

लूप समेवर का येत नाही

या भागावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण लढाई लांबली की खेळाडू हाच जोड पुनःपुन्हा ऐकतो.

प्रथम हिशेब पाहू. १६० च्या लयीत, ४८,००० सॅम्पल रेटला, एक मात्रा नेमकी १८,००० सॅम्पलची होते. तीनतालाचे एक आवर्तन २,८८,००० सॅम्पलचे आणि आठ आवर्तनांचा लूप २३,०४,००० सॅम्पलचा, म्हणजे ४८ सेकंदांचा. हाच लूप ४४,१०० च्या दराला २१,१६,८०० सॅम्पलचा असतो. ध्वनी ४८,००० वर नेला पण लूपचा शेवट सांगणारा आकडा २१,१६,८०० असाच राहिला, तर गेम ११७.६ मात्रा वाजवून मागे उडी मारतो. म्हणजे आठव्या आवर्तनाच्या सहाव्या मात्रेचा ठोका पडून गेल्यावर, सातवी यायच्या आतच पहिले आवर्तन सुरू होते. मोजणीच्या ट्रॅकमध्ये "सहा" नंतर "सात" न येता थेट पहिल्या आवर्तनाची सम ऐकू आली, की हाच दोष आहे असे निःशंक समजावे. लूपचे आकडे सॅम्पलमध्ये लिहिलेले असतात, सेकंदांत नव्हे. दर बदलला की त्यांनाही त्याच प्रमाणात गुणले पाहिजे. शक्य असेल तेथे अशी लय निवडावी की मात्रेचे सॅम्पल पूर्णांकात येतील: ४८,००० च्या दराला १२०, १५०, १६० आणि १८० या लयी त्या दृष्टीने सोयीच्या आहेत.

आकडे कोठे लिहायचे यातही फरक आहेत. वेव्ह फाइलीत लूपचे बिंदू एका वेगळ्या खंडात असतात आणि काही संपादक फाइल पुन्हा साठवताना तो खंड टाकून देतात. त्या खंडातील शेवटचा सॅम्पल स्वतःही वाजवायचा असतो, त्यामुळे तेथे एकूण संख्येपेक्षा एक कमी आकडा येतो. आरपीजी मेकर या गेम बनवण्याच्या साधनातील ऑग फाइलींत लूपची सुरुवात आणि लूपची लांबी असे दोन आकडे असतात. तेथे लांबीच्या जागी शेवटाचा आकडा दिला, तर आरंभीच्या मुखड्याइतका भाग जादा मागितला जातो. वाइजच्या संगीत-तुकड्यांत तर फाइलीतील लूपबिंदूंऐवजी बँकेतील प्रवेश आणि निर्गमनाच्या खुणाच मानल्या जातात.

आकडे अचूक असूनही जोडावर बारीक फट ऐकू येत असेल, तर ट्रॅक वाटेत कोठेतरी एमपी३ झाला होता का, याची चौकशी करावी. एमपी३ ध्वनी ११५२ सॅम्पलच्या चौकटींत बांधतो आणि आरंभी व शेवटी थोडी शांतता भरतो. आरंभाचीच ही भरती अनेकदा हजार सॅम्पलच्या पुढे जाते. मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवलेला आणि त्याच्याकडून परत आलेला ट्रॅक कधीही लूपसाठी वापरू नये. शेवटपर्यंत वेव्ह किंवा फ्लॅक ठेवावे.

फट नाही, लयही बरोबर, तरी जोडावर ध्वनी एकदम कोरडा पडतो, ही पुढची पायरी. शेवटच्या "धा"ची आस, झांजेची गुंज आणि खोलीचा घुमारा लूपच्या टोकाला कापला जातो आणि पहिली मात्रा त्याशिवाय सुरू होते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय असा की रेकॉर्डिंगच्या प्रोजेक्टमध्ये लूप लागोपाठ दोनदा मांडावा, सर्व एकत्र रेंडर करावे, म्हणजे एकाच फाइलीत उतरवावे, आणि त्यातील दुसरी फेरी कापून घ्यावी. दुसऱ्या फेरीच्या आरंभात पहिल्या फेरीची आस आपोआप मिसळलेली असते. मुखडा वेगळा ठेवून त्यातून या फेरीत शिरले, की पहिल्यांदा ऐकतानाही काही खटकत नाही.

पखवाजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही संगणकीय मोजमापात दिसत नाही. एका विद्यार्थ्याच्या लूपचा जोड सॅम्पलपर्यंत अचूक होता, लहरी नीट जुळत होत्या, तरी प्रत्येक फेरीच्या आरंभी पखवाज बदलल्यासारखा वाटे. कारण वाद्यावरच होते. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात आणि तिच्या वजनाने "धा"चा खर्ज येतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, आवाज नको म्हणून पंखा आणि कूलर बंद केलेल्या खोलीत, एका लांब टेकच्या अवधीत ती कणीक कडेने सुकत गेली होती. बोटाने दाबली तर मध्ये मऊ आणि कडेला पापुद्रा धरलेली. खर्ज हळूहळू वर सरकला, शेवटचे "धा" पहिल्या "धा"पेक्षा उंच झाले आणि लूप उडी मारताच तो फरक कानाला टोचू लागला. अशा वेळी लूप छोट्या टेकमध्ये रेकॉर्ड करावा, प्रत्येक टेकआधी कणकेला पाण्याचा हात लावून खर्ज तंबोऱ्याशी जुळवून घ्यावा, आणि पहिले व शेवटचे आवर्तन एकाच बैठकीत लागोपाठ वाजवावे. आधी हा सुकलेपणा ऐकायला शिकावे; संगणकावर पट्टी ओढून दुरुस्ती करण्याची वेळ मग क्वचितच येते.

ताल आणि गेमचा बार

समजा लूप निर्दोष आहे, पण लढाई संपताना किंवा तीव्र होताना संगीत भलत्याच मात्रेवर वळते. वाइजमध्ये एका तुकड्यातून दुसऱ्यात जाण्याचा क्षण बहुधा "पुढचा बार" किंवा "पुढची मात्रा" असा ठरवलेला असतो, आणि बार किती लांब हे बँकेतील लय व मात्रासंख्येवरून निघते. जुना ट्रॅक १२० च्या लयीत चार मात्रांचा असेल, तर गेमचा बार दोन सेकंदांचा आहे. आपला ताल कोणताही असो, गेम दर दोन सेकंदांनीच दार उघडतो.

येथे आपल्या तालांची निवड विचाराने केली, तर बँकेला हात न लावताही काम भागते. तीनताल १२० ला घेतला, तर आवर्तन आठ सेकंदांचे, म्हणजे नेमके चार बार, आणि प्रत्येक बार एकेका विभागाच्या आरंभी पडतो. झपताल १५० ला घेतला, तर आवर्तन चार सेकंदांचे होते. एक बार समेवर आणि दुसरा सहाव्या मात्रेवर, म्हणजे तालाच्या 'खाली'वर (टाळीऐवजी हात सोडण्याच्या जागेवर) येतो, आणि तेथे वळणे कानाला स्वाभाविक वाटते. चौताल १८० ला तसाच चार सेकंदांत बसतो आणि अर्धा भाग सातव्या मात्रेपाशी सुटतो. रूपक मात्र १०५ ला चार सेकंदांत बसला तरी अर्ध्यावर साडेतीन मात्रा होतात आणि गेम चौथ्या मात्रेच्या पोटात वळतो. रूपकच हवा असेल, तर तो २१० च्या द्रुत लयीत घेऊन आवर्तन दोन सेकंदांचे करावे, म्हणजे प्रत्येक बारला सम मिळते. माझी पसंती झपतालाला आहे. दोन-तीन-दोन-तीनचा तोल तलवारीच्या झटापटीला शोभतो आणि गेमच्या बारशी भांडतही नाही.

मध्येच तुटणे, थर गायब होणे

नवा ट्रॅक जुन्यापेक्षा लांब असेल आणि दर वेळी त्याच ठिकाणी तुटत असेल, तर ते ठिकाण जुन्या ट्रॅकच्या लांबीशी ताडून पाहावे. दोन्ही जुळले, तर बँकेतील तुकड्याची लांबी आडवी येत आहे. वाइझर या साधनाने बँक उलगडून ती लांबी आणि निर्गमनाची खूण वाचता येते. ज्याला बँक बदलण्याचा सराव नाही त्याने आपला ट्रॅकच जुन्या लांबीत बसवावा. लांबीचे हे बंधन मला जाचक वाटत नाही. नव्या रचनाकाराला ते शिस्त लावते. ट्रॅक जुन्यापेक्षा छोटा असेल, तर शेवटी शांततेचा खड्डा पडतो आणि उपाय तोच आहे.

काही गेममध्ये एकाच फाइलीत चार किंवा अधिक चॅनेल असतात: पहिली जोडी शांत प्रसंगाची, दुसरी लढाईची. तेथे दोन चॅनेलची साधी स्टिरिओ फाइल दिली, की फिरताना संगीत असते आणि शत्रू दिसताच ते विरून जाते. नोंदवहीत चॅनेलची संख्या लिहिली असेल, तर हा दोष होण्याआधीच टळतो. दोन्ही जोड्या एकाच वेळी चालत असल्याने त्यांची लय आणि लांबी सॅम्पलपर्यंत सारखी हवी.

आवाजाची पातळी

स्ट्रीमिंगसाठी तयार केलेले संगीत बहुधा उणे १४ लफ्सच्या (जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाच्या) आसपास असते, तर प्लेस्टेशनच्या घरगुती कन्सोलसाठी सोनीची शिफारस संपूर्ण गेमच्या मिश्रणाला उणे २४ लफ्सची आहे. त्यामुळे इतर गाण्यांच्या तोडीचा जोरकस मास्टर केलेला ट्रॅक गेममध्ये शत्रूच्या पावलांचा आणि वाराच्या सूचनेचा आवाज गिळून टाकतो, आणि खेळाडूला मार बसू लागतो. कोणत्याही ठरावीक आकड्यामागे न लागता जुना ट्रॅक आणि नवा ट्रॅक एकाच मीटरवर मोजावेत आणि नवा जुन्याच्या पातळीवर आणावा. पखवाज आणि ताशा यांचे ठोके टोकदार असल्याने सरासरी जुळली तरी शिखरे उंच राहतात. ती लिमिटरने (शिखरे दाबणाऱ्या साधनाने) चिरडण्यापेक्षा माइक वाद्यापासून थोडा दूर घेऊन पुन्हा रेकॉर्ड केले, तर नाद शाबूत राहतो.

अपडेटनंतर पुन्हा जुनेच

स्टीमवर गेमच्या फाइलींची तपासणी केली किंवा अपडेट आला, की बदललेल्या मूळ फाइली पुन्हा पहिल्यासारख्या होतात. गेम सुट्या फाइली वेगळ्या फोल्डरमधून वाचू शकत असेल, तर मूळ फाइलीवर कधीही लिहू नये. बँक बदललेली असेल, तर अपडेटनंतर जुनी बदललेली बँक तशीच परत टाकू नये, कारण नव्या बँकेत नव्या नोंदी आलेल्या असू शकतात. नव्या बँकेवरच तेच बदल पुन्हा करावेत. यासाठी कोणत्या नोंदीत कोणता आकडा घातला, हे वहीत तारखेसह लिहिलेले असावे.

मॉड इतरांना द्यायचा असेल, तर त्यात गेमचे मूळ संगीत जाऊ देऊ नये. वाजवणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, कारण भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कलाकाराला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क दिलेला आहे. बंदिश परंपरेची असली, तरी एखाद्या गायकाच्या ध्वनिमुद्रणातील तुकडा उचलून लावणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती करू नये.

सर्व बसले असे वाटल्यावर तपासणी लढाईतच करावी, आणि जिंकण्यासाठी खेळू नये. एका शत्रूला जिवंत ठेवून लूप निदान चार वेळा फिरेपर्यंत नुसते चुकवत राहावे. मग आवर्तनाच्या मध्यावर त्याला संपवून वळण ऐकावे. पुढच्या खेपेस आपण मरून पाहावे, कारण मृत्यूनंतर पुन्हा सुरू होणारे संगीत अनेकदा वेगळ्या खुणेवरून शिरते. लढाई चालू असताना विराम देऊन परत यावे, जतन केलेला खेळ लढाईच्या तोंडाशी उघडावा, आणि हेडफोन व लॅपटॉपचा स्पीकर या दोन्हींवर ऐकावे. डग्ग्याचा आणि पखवाजाच्या डाव्या पुडीचा खर्ज छोट्या स्पीकरवर जवळजवळ नाहीसा होतो, आणि तेथेही ठेका कळण्यासाठी चाटीचे बोल पुरेसे वर ठेवावे लागतात.